चुंबक चुकीच्या बाजूला?

विशूमामाचा डावा हात दिसायला अगदी धडधाकट होता. हाड मोडलेलं नव्हतं, कुठे सूज नव्हती, साधा ओरखडासुद्धा नव्हता. तरी तो हलत नव्हता.

"मग उपचार डोक्यावर कशाला?" मिरजेच्या संशोधन केंद्राचा जिना चढताना अकरा वर्षांच्या इरावतीने चौथ्यांदा विचारलं.

"डॉक्टरांनाच विचार गं," आई चौथ्यांदा म्हणाली.

मामा तंबोरे बनवायचा. चार महिन्यांपूर्वी, २०४३च्या मार्चमध्ये, भोपळ्याला पॉलिश करताना त्याच्या हातातला बोळा गळून पडला आणि पाठोपाठ तोही कोसळला. पक्षाघात (मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त अडल्याने अंग लुळं पडणं) झाला होता. पाय सावरले, बोलणं सावरलं. हात तेवढा मांडीवर पडून राहिला. दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळायला दिल्यासारखा मामा त्याच्याकडे बघायचा.

डॉ. तस्नीम मुजावर यांनी पडद्यावर त्याच्या मेंदूचं चित्र लावलं. उजव्या अर्ध्यात एक काळपट डाग होता.

"हात ठीक आहे, इरा. हाताला हुकूम देणारी जागा दुखावली आहे. उजवा मेंदू डावा हात चालवतो आणि डावा मेंदू उजवा. हुकूम नेणाऱ्या वाटा मानेच्या वर एकमेकींना ओलांडतात."

असं उलटसुलट का, हे काही इराला कळेना. पण तिने घोकून ठेवलं. डावा हात, उजवा मेंदू.

मामा खुर्चीत बसला. छताला टांगलेला यंत्रहात खाली आला. त्याच्या टोकाशी आठच्या आकड्यासारखं वेटोळं (तांब्याच्या तारेची गुंडाळी) होतं. त्यातून क्षणभर वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि आत अगदी बारीकसा विद्युतप्रवाह जागवतं. कापाकापी नाही, सुई नाही.

"जागा सापडली," यंत्रहात म्हणाला आणि मामाच्या डोक्याच्या डाव्या बाजूला टेकू लागला.

डाव्या!

"थांबा, थांबा!" इराने धावत जाऊन मधे तळहात घातला. यंत्रहात जागीच थबकला. "हा चुकलाय! डाग उजवीकडे आहे!"

"इरा, बाजूला हो," आई ओरडली. मामा घाबरून म्हणाला, "डॉक्टर, ती बरोबर म्हणतेय ना?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी पडदा पुन्हा तपासला आणि मग इरासमोर स्टूल ओढून बसल्या.

"शंका आली आणि तू थांबवलंस, बरं केलंस. पण जागा बरोबर आहे. समज, वर्गात दोघी एका बाकावर बसतात. दोघीही एकमेकींना सारख्या 'शू, गप्प' करतात, म्हणून कुणाचाच आवाज वरचढ होत नाही. मेंदूचे दोन भाग असेच वागतात. आता एकीचा घसा बसला. तिला धड बोलता येत नाही, आणि दुसरी मात्र 'शू, शू' करतेच आहे."

"म्हणजे डावा भाग उजव्याला बोलूच देत नाही?"

"आम्हाला तसं वाटतं. म्हणून सेकंदाला एक, असे सावकाश ठोके देऊन डाव्याला जरा शांत करायचं. थोड्या वेळापुरतंच."

"म्हणजे चांगल्याला गप्प करून आजाऱ्याला बरं करायचं?" इराचा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. तरी तिने हात काढला.

टक्. टक्. टक्. वीस मिनिटं झाली. इरा टक लावून मामाची बोटं पाहत होती. एकही हललं नाही.

"झालं नाही काही," ती पुटपुटली.

"आत्ता कुठे खरं काम सुरू होतंय," डॉक्टर म्हणाल्या. "उजवा भाग मोकळा झालाय, तोवर त्याला हालचाल पुन्हा शिकवायची. चुंबक संधी देतं, शिकायचं मेंदूनेच."

मग तासभर मामा टेबलावरची बाटल्यांची टोपणं उचलायचा प्रयत्न करत राहिला. घामाघूम झाला, एकदा चिडून त्याने टोपणं खाली लोटली. इराने ती वेचून परत ठेवली. रोज हेच चाललं. अकराव्या दिवशी मामाचा अंगठा आत वळला आणि एक टोपण इंचभर उचललं गेलं. मामा हसला नाही. हुंदका देऊन रडला.

शेजारच्या खुर्चीतल्या कांबळेकाकांनाही तेच ठोके, तोच व्यायाम. त्यांचा डावा हात मात्र तसाच लुळा होता.

"मामाला गुण आला, काकांना का नाही?" इराने विचारलं.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनाही माहीत नसतं?

"म्हणून तर संशोधन," म्हणत त्यांनी काकांची परवानगी घेतली आणि पडद्यावर दोघांच्या मेंदूंची चित्रं शेजारी शेजारी लावली. "कदाचित काकांचा उजवा भाग डाव्याच्या आधारानेच चालत असेल. मग डाव्याला गप्प करून कसं चालेल? त्यांच्यासाठी वेगळी रीत शोधायला हवी. बस इथे. तुला काय वेगळं दिसतं, सांग बरं."

इराने खुर्ची पुढे ओढली. कांबळेकाकाही चष्मा पुसून पडद्याकडे वळले.