बुजवलेलं दार

दिवा राहू दे. आणि मधे मधे 'मग काय झालं, मामा?' करायचं नाही. सांगणारच आहे, पोटात ठेवून काय करू?

आमच्या छापखान्यात रात्रपाळीला एक पोरगा होता. वेळेचा इतका पक्का की आम्ही त्याला 'घड्याळ' म्हणायचो. लग्न झालं, बाळ झालं, तसं त्यानं नवं घर भाड्यानं घेतलं. त्या भागातली जुनी दुकानं जाऊन काचेची कॉफीची दुकानं येत होती. इमारत जुनी, पण घर आतून चकाचक. एजंट छाती फुगवून म्हणाला, "इथं आधी दार होतं, बाहेर जिना. जिना पाडला, दार बुजवलं. आता पाळणा मस्त बसेल!"

बसला. भिंतीपलीकडे लिफ्टसाठी सोडलेली नुसती पोकळी. थेट खालपर्यंत.

बाळ मोठं हट्टी. बेल वाजली की उठायचं, मग घर डोक्यावर घ्यायचं. म्हणून दोघांनी ठरवलं, घड्याळानं बेल दाबायची नाही, हळूच टकटक करायची. त्याच्या यायच्या वेळेला बायको कडी काढून ठेवायची आणि पडल्या पडल्याच म्हणायची, "उघडंच आहे, ये."

अमावस्या वगैरे काही नव्हती. साधा मंगळवार, पहाटेला थोडा अवकाश. बाळ तापानं फणफणलेलं, रडून बेजार. तिचा जीव नुसता टांगणीला. थकून जरा डोळा लागला...

टकटक.

"उघडंच आहे, ये."

बाळाचं रडणं थांबलं. पाळणा कुरकुरायला लागला. हळूहळू. तिला हायसं वाटलं. डोळे न उघडताच म्हणाली, "हात धुतलेस का रे?"

...

"ताप बघ ना जरा."

...

पाळणा हलत होता.

तेवढ्यात फोन वाजला. "अगं, कडी काढ ना. केव्हाचा टकटक करतोय."

कडी.

त्या रात्री ती कडी काढायलाच विसरली होती.

पाळणा थांबला.

अंधारात तिनं बाळाला कसं उचललं, तिला आजही सांगता येत नाही. दार उघडलं. घड्याळानं दिवा लावला. खोलीत कोणी नाही. बाळ गाढ झोपलेलं. अंग गार... नाही रे, घाबरू नका. ताप उतरला होता.

"मग चांगलंच होतं की ते भूत!"

म्हण बाई. तू नव्हतीस तिथं. त्या दोघांनी बाळाला शालीत गुंडाळलं आणि तसेच माझ्या दारात आले. उजाडल्यावर सामान आणायला मी गेलो घड्याळाबरोबर.

पाळण्याशेजारी बूट होते. कामावरचे, मळके. घड्याळाचे नव्हते. टोकं पाळण्याकडे. मी एक उचलायला गेलो... येईना. वाकून पाहिलं.

टाचा भिंतीत होत्या. आणि भिंतीला कुठं तडासुद्धा नव्हता.