उसना वर्ग

दिवा जरा लहान कर, कुसुम. एवढा उजेड कायले पाहिजे? आणि गोटू, मधे तोंड घातलंस तर गोष्ट तिथंच टाकून मी झोपायला जाईन. ही ऐकीव नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा, मालूताईचा नवरा, आमचे गिरधरदाजी. त्यांनी मला त्याच रात्री सांगितली, दात वाजत असताना.

दाजी बुऱ्हानपुरातल्या आमच्या सिंधीपुऱ्याच्या घरातून निंबोला गावाला निघाले ते एक वर्ग उसना मागायला. हसू नका. लोक बैलजोडी उसनी मागतात, दाजींना वर्ग पाहिजे होता.

दाजी आफ्रिकेत, मोंबासाला, इंग्रजीचे असिस्टंट मास्तर होते. ऐकायला केवढं वाटतं! निघाले तेव्हा अर्धं बुऱ्हानपूर स्टेशनावर हार घेऊन आलं होतं. आणि तिथं काम काय? फळा पुसायचा, दौती भरायच्या, आणि हेडमास्तर साहेबाचा घसा बसला की एकेक वाक्य मोठ्यानं म्हणायचं. मुलांनी ते मागून म्हणायचं. पण मुलं म्हणायचीच नाहीत. दाजींचे उच्चार ऐकून बाकावर बसल्या बसल्या गालात हसायची. गोरा हेडमास्तर ते बघायचा आणि उलट दाजींनाच सांगायचा, "तुम्ही मागे उभे राहा."

पाच वर्षं माणूस मागे उभा राहिला. विद्या कमी नव्हती. एकट्यानं दिव्याखाली बसून मिळवली होती, हाच गुन्हा. अशा माणसाला काय येतं हे कोणी विचारत नाही, तुला शिकवलं कोणी एवढंच विचारतात.

रजेवर आले तेव्हा खिशात साहेबाची चिठ्ठी होती. मार्चात इन्स्पेक्टर येणार, त्याच्यापुढं दाजींनी एकट्यानं धडा घ्यायचा. वर्ग एका आवाजात बोलला तर पक्की मास्तरकी आणि राहायला क्वार्टर. म्हणजे मालूताईला सोबत नेता येईल. नाही बोलला, तर परतीची बोट. पाच वर्षांत नवराबायको मोजून दोन महिने एकत्र राहिलेले. दोघंही चिडलेले. कोणावर चिडायचं ते कळत नव्हतं, म्हणून एकमेकांवर.

सराव तर पाहिजे. निंबोल्याला दाजींचा जुना सोबती दिगंबर मास्तर शेतावर राबणाऱ्या पोरांची रात्रशाळा चालवायचा. त्यानं निरोप धाडला, "कधीही ये. दिवेलागणीला पोरं बसलेली असतात."

तारीख मला पाठ आहे. पंधरा डिसेंबर एकोणीसशे पंचवीस, मंगळवार. दाजी कोट चढवत होते, तर ताई म्हणाली, "आज कुठं जाऊन राह्यले?"

"वर्ग घ्यायला."

"आज? अहो, आज तर..."

"तू शिकवू नको मला! तिथं साहेब शिकवतो, इथं तू!"

"मंग जा. भिंतीले शिकवा," म्हणून ताई आत गेली. पुढचं बोललीच नाही.

आता चूक ऐका. दाजी पाच वर्षं साहेबाच्या कॅलेंडरावर जगले होते. वार ठाऊक, तारीख ठाऊक, तिथी विसरले. ती मार्गशीर्षातली अमावस्या होती. अमावस्येला आपल्याकडची गावठी शाळा भरत नसे. अनध्याय! त्या दिवशी पाटीला हात लावायचा नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. इंग्रजीच्या मास्तरला आठवलं नाही.

कापसाच्या रिकाम्या गाडीनं त्यांना निंबोल्याच्या फाट्यावर सोडलं. साडेसात झाले असतील. शाळा म्हणजे गावाबाहेर केळीच्या मळ्याला लागून एक खोली. दार उघडं. दिवा नव्हता. दाजींनी हातातला कंदील वर केला.

आत पोरं बसली होती. जमिनीवर, रांगेनं. उजेड पहिल्या रांगेच्या गुडघ्यांपर्यंत पोचत होता. त्याच्यावर अंधार.

"दिगंबर मास्तर कुठं गेले?"

कोणी बोललं नाही. दाजींना त्याची सवय होती. मनात म्हणाले, इथंही तेच. कंदील खाली ठेवला, छाती भरून घेतली आणि म्हणाले, "द सन इज अप." म्हणजे सूर्य उगवला.

"द सन इज अप!"

एका आवाजात. खणखणीत. दाजींच्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. पाच वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांच्या मागून बोललं होतं. मग काय विचारता! एकामागून एक वाक्यं. फिरून फिरून. कोट काढला, बाह्या सारल्या, घाम आला तरी थांबेनात. साहेबानं बघायला हवं होतं, असं त्यांना वाटत होतं.

बऱ्याच वेळानं एक गोष्ट ध्यानात आली. मास्तर माणूस, कान वर्गाचे.

कोणी खोकलं नव्हतं.

नाक ओढलं नव्हतं. शेजारच्याला कोपर मारलं नव्हतं. पाटी घासली नव्हती. डिसेंबरची थंडी, उघडं दार... आणि एक शिंक नाही. वाक्य संपलं की काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

दाजी थांबले.

पोरंही थांबली.

पुढचं वाक्य मनात होतं. ओठावर आलं नव्हतं...

अंधारातून ते आलं. सगळ्यांचं मिळून. दाजींच्याच उच्चारात.

दाजींनी कंदील उचलला. पाय मागं... एक... दोन... उंबरा. मग पळाले.

बांधावर समोरून दिगंबर मास्तर येत होता, हातात दिवा. "अरे गिरधर! आवाज ऐकून आलो. आज कायले आला, भो? आज अनध्याय. पोरं घरी जेवून राह्यली."

"मग आत कोण?"

दिगंबरनं हातातला दिवा बांधावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "प्लेगच्या साली इथला मास्तर वर्ग बसवून पाणी प्यायला गेला. विहिरीपाशीच पडला. पोरांना उठा म्हणायला कोणी आलंच नाही... घरंच राह्यली नव्हती रे कोणाची." मग त्यानं विचारलं, "तू त्यांना सुट्टी दिली ना?"

"...नाही."

दिगंबर तिथंच बांधावर बसला. "मास्तर सुट्टी म्हणत नाही तोवर वर्ग मास्तरचा असतो, गिरधर."

दोघं मिळून परत गेले. दाजी दारातून ओरडले, "सुट्टी! सुट्टी!"

खोली रिकामी होती. वर्ग आधीच उठून गेला होता.

जानेवारीत दाजी बोटीवर चढले. मेच्या उन्हात लिफाफा आला. त्यात मराठीत तीन ओळी: "पक्का मास्तर झालो. क्वार्टर मिळालं. मालूला पाठवू नका."

ताईनं भांडी आपटली. "पाच वर्षं वाट पाह्यली! आता क्वार्टर आहे, तर मी नको? कोणाला ठेवलंय तिथं?"

लिफाफ्यात आणखी एक कागद होता, इंग्रजीत, इन्स्पेक्टरच्या शेऱ्याची नक्कल. मी तेव्हा कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कारकून, घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. ताई म्हणाली, वाच. मी वाचला. एकदा मनात. मग मोठ्यानं वाचायचं धाडस होईना... ती हात धरून बसली, तेव्हा मराठीत करून वाचला.

"बाकांवरची मुले शेवटपर्यंत गप्प राहिली. परंतु मागे जमिनीवर बसलेल्या मुलांनी मास्तरांमागून प्रत्येक वाक्य एका आवाजात म्हटले. अशी शिस्त क्वचित दिसते. या मुलांनाही बसावयास बाके द्यावीत."