सात नंबरचा रेचा

कोकिळाचं, म्हणजे माझं, बूड जागेवर टिकत नाही, असं आमच्या घरी सगळ्यांचं मत होतं आणि ते खरंच होतं. पुस्तक उघडलं की मला खिडकीतली चिमणी दिसायची, मग चुलीवरचं दूध आठवायचं, मग कुणाचं तरी लग्न. दोनदा मॅट्रिक नापास झाले. गुरुजी मला भिंगरी म्हणायचे.

हिंगणघाटला कापसाच्या जीनच्या आवाराला लागून आमची खोली. बाबा तिथे फिटर. दिवाळीपासून वैशाखापर्यंत चोवीस रेचे कापसातून सरकी वेगळी करत घरघरायचे आणि आलेले पाहुणे कानांत बोटं घालायचे. मला मात्र त्या घरघरीतच वाचता यायचं. भिंतीपलीकडे सात नंबर होता. त्याच्या आवाजात मधूनच एक ‘टक्’ यायचा. तो मोजत मोजत मन खुंट्याला बांधलेल्या गाईसारखं गप बसायचं.

सात नंबरवर कापूस टाकायला वडनेरची धुरपतामावशी होती. रेचा उपाशी फिरू द्यायचा नाही, ही त्या बायांची रीत. उपाशी फिरला की आवाज कोरडा व्हायचा आणि माझं लक्ष उडायचं. एकदा मी तिला विचारलं, "मावशी, काल दुपारी कुठी गेलती?"

"तुले घरात बसून कसं समजलं वो, बाई?"

मी सगळं सांगितलं. तेव्हापासून सात नंबर कधी कोरडा पडला नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात हंगाम संपला. बाबांनी रेचे फिरवणारे पट्टे उतरवले, तेल पाजून कोठीत टांगले आणि जीनची किल्ली आमच्या खुंटीला लावली. "ऑक्टोबरले पास झाली त ठीक," ते मला म्हणाले, "नाई त पाहुणे बोलावतो." मी आवारात जाऊन रडले. धुरपतामावशी गावी जायला गाठोडं बांधत होती.

"रडू नको, पोरी. मी रेच्याले उपाशी ठेवत नाई. तू पुरे म्हनशीन, तवाच थांबीन."

समजूत घालायला बोलली असेल, असं मी धरून चालले.

पुढचे अडीच-तीन महिने पालथ्या घड्यावर पाणी. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी भूमिती उघडली आणि भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. मध्ये टक्. पुन्हा टक्. दोन प्रमेयं पाठ झाल्यावर मला दचकायचं सुचलं.

"कोनता रेचा?" बाबा म्हणाले. "पट्टे म्या सोता उतरवले. काही आवाज नाई."

दुसऱ्या दिवशी घरघर चालू असतानाच किल्ली घेऊन मी गेले. कुलूप उघडलं तसा आवाज थांबला. आत ओलसर तेलाचा वास होता. वरच्या दांड्यावर पट्टा नव्हता, कोळ्याचं जाळं होतं. मी तेवीस रेच्यांना हात लावून पाहिला, सगळे गार. सात नंबर कोमट होता. त्याच्याखाली मूठभर सरकी पडली होती, पांढरी, कोरडी, आत्ताच निघाल्यासारखी.

मी कुलूप लावून घरी आले. पुस्तकासमोर बसले. भिंतीपलीकडे रेचा सुरू झाला. भीती वाटत होती, पण पाहुण्यांची त्याहून जास्त वाटत होती.

परीक्षेची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. घंटा झाली आणि तिथेही घरघर आली. बाकी मुली आपापल्या पेपरात बघत होत्या. गणिताच्या दिवशी मात्र ती अचानक कोरडी झाली. माझे डोळे पंख्याकडे गेले, मग दाराकडे. थोड्या वेळाने आवाज भरला, पण मंद. टक् फार उशिरा उशिरा येत होता.

मी पास झाले.

दिवाळीनंतर जीन सुरू झाली, पण धुरपतामावशी कामावर आली नाही. पेढे घेऊन मी वडनेरला गेले. तिच्या धाकट्या बहिणीने, जिजाबाईने, मला आत नेलं.

मावशी खाटेवर टेकून बसली होती. डोळे उघडे, पण माझ्याकडे नाहीत. उजव्या हाताने ती हवेतून काहीतरी उचलत होती आणि समोर टाकत होती. बोटांची टोकं सोलली होती.

"नागपंचमीपासून अशीच हाय," जिजाबाई म्हणाली. "चारलं त खाते. हात बांधून पाह्यले, त लेकरावानी रडते. पह्यले दोन्ही हात चालत. ऑक्टोबरात एकडाव दुपारी खाटेवरून पडली, तवापासून एकच चालते."

मी तारीख विचारली नाही.

"तुले काही समजते काय, बाई?"

मला समजत होतं. ‘पुरे’, एवढा एक शब्द म्हणायचा होता. पण डी.एड.ची दोन वर्षं पुढे होती.

"नाई," मी म्हटलं. पेढा उशाशी ठेवला आणि निघाले. त्याची लाज मला अजून वाटते.

डी.एड. झालं. शाळेत नोकरी लागली. बाहेरून बी.ए.ला बसले. पुस्तक उघडलं की घरघर सोबत असायचीच. पाहुणे आलेच नाहीत.

मागच्या महिन्यात धुरपतामावशी वारली. त्या दुपारी घरघर कोरडी झाली आणि मी पुस्तक मिटलं. वाटलं, सुटलो दोघी.

संध्याकाळी ती पुन्हा भरली. हात नवा होता. टक् जरा लवकर येत होता.

काल वडनेरहून माणूस शाळेत आला. "जिजाबाईनं खाट धरली," तो म्हणाला. "हात थांबून नाई राह्यले. तुमाले बोलावलं हाय."

"मंगळवारी येते," मी म्हटलं.

शेवटचा पेपर सोमवारी आहे.