चौदा तासांची फाइल

बसा मॅडम. चार्ज घ्यायचाय ना, घ्या. रजिस्टरं इथे, किल्ल्या इथे, साबण इथे. साबण माझ्या पदरचा आहे, पण तुमच्यासाठी ठेवून जातो. या इस्पितळात मला साबणराव म्हणतात, ते तुमच्या कानावर आलंच असेल. म्हणू देत. सदतीस वर्षं आजाऱ्यांच्या कागदांना हात लावला आणि प्रत्येक वेळी हात धुतले. किळस हा माझा जन्मजात आजार आहे.

राहता राहिलं ते कोपऱ्यातलं स्टीलचं कपाट. ते भंगारात काढायचा अर्ज तुम्ही तयार ठेवलाय आणि त्यावर माझी सही हवी आहे. सहीचं शेवटी बघू. आधी ऐका.

चार वर्षांपूर्वी इथे नवे कॉम्प्युटर आले आणि जुने व्हिडिओ त्यांच्यावर उघडेनात. कसले व्हिडिओ? दुर्बिणीचे. पेशंटच्या तोंडातून नळी आत सरकवतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो, तो घशातून पोटात उतरतो, त्याचे. शेकडो लोकांची पोटं, तीसुद्धा आतून! लाळ, फेस, अर्धवट पचलेलं काहीबाही. ते सगळं लहान करून नव्या प्रकारच्या फाइलींत बसवायचं काम कुणाच्या गळ्यात पडावं? ज्याला दुसऱ्याचा उष्टा कप बघूनही मळमळतं, त्याच्या.

ते सॉफ्टवेअर बसवून देणारा इंजिनिअर मात्र भला होता. म्हणाला, "काका, कॉम्प्युटर चिक्कू असतो. जे हलत नाही ते तो एकदाच लिहितो. हललं तेवढंच पुन्हा लिहितो. भिंतीकडे कॅमेरा लावून तासभर बसलात तर फाइल होईल एवढीशी. पोरांच्या दंग्याचा व्हिडिओ काढलात तर आवरता आवरायची नाही."

एवढं लक्षात ठेवा. मी मात्र रोज सकाळी पंचवीस फाइली लावून द्यायचो आणि पडद्याकडे पाठ करून बसायचो.

आता ताईबद्दल सांगतो. ताई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, मला वाढवलं ते ताईनं. तिनं लग्न केलं नाही, मीही नाही. आमचं दोघांचंच घर. ही हकीकत घडली त्याच्या सात वर्षं आधी तिच्या पोटात एकदा दुर्बीण घातली होती. पहिला नंबर मीच लावून घेतला होता, घरचं माणूस म्हणून. अहवाल आला, सर्व ठीक. ठीक कसलं, कपाळ! तेव्हापासून तिच्या पोटात गार लागायचं. आणि रेकॉर्ड रूम या खोलीत आली तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, आणखी एक निघालं होतं. ती म्हणायची, "दुपारी एकच्या सुमाराला पोटात कुणीतरी दार आपटतं रे."

मी म्हणायचो, "बघून घे, पाहुणे आले असतील."

हसायचो मी. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मग तिचं वजन उतरायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दुर्बीण घालायची ठरवली आणि मला सांगितलं, "साबणराव, गाठ असेल तर ती तेव्हाही होती का, ते मला बघायचंय. जुना व्हिडिओ बाराच्या आत द्या." एवढंच काम होतं. साधं.

त्या सकाळी ताई उपाशी होती, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तरी माझा डबा तिनं भरलाच. भात आणि उकडलेली अंडी. "उपास मला सांगितलाय, तुला नाही," म्हणाली. तिला बाहेर बाकावर बसवलं आणि डबा मी या कपाटात ठेवला. दोन वर्षं तिथेच ठेवत होतो. टेबलावर पेशंटचे कागद, तिथे अन्न ठेवायचं? शी! कपाटात वास यायचा, आंबट, कोमट. उंदीर मेला असेल म्हणून दोनदा फिनेल ओतलं होतं. डबा काढला की तो बाहेरून जरा चिकट लागायचा आणि आतलं जरा कमी झालेलं वाटायचं. मी उंदरांना शिव्या द्यायचो, डबा पुसायचो आणि जेवायचो. दोन वर्षं, मॅडम. ते मी खाल्लंय.

अकरा वाजता फाइली लावल्या. ताईची तारीख सापडली. सकाळी सव्वाआठ, बारा मिनिटं. आणि तिच्या बरोब्बर आधी एक फाइल, आदल्या संध्याकाळी सहापासून सुरू झालेली. चौदा तासांची!

चौदा तास कुणाच्या पोटात नळी असते? मग उमगलं. तेव्हा ही खोली म्हणजे दुर्बिणीची खोली होती. संध्याकाळी नळी धुऊन याच कपाटात टांगायचे आणि तिची वायर फटीतून मशिनला तशीच लावलेली असायची. सिस्टर रेकॉर्डिंग बंद करायला विसरली असणार. दिवा बंद, दार बंद, म्हणजे चौदा तास नुसता अंधार. मला बरंच वाटलं. म्हटलं, अंधार काही हलत नाही, ही फाइल तर चिमटीएवढी होईल.

तेवढ्यात ताईचा बाकावरून फोन आला. "अरे, अंड्याचे ढेकर येताहेत मला."

"चाखलं असशील स्वयंपाक करताना."

"तुझी शपथ, तोंडात काही घातलेलं नाही. पोट कसं गच्च भरल्यासारखं झालंय..."

"घाबरलीयस तू. बस शांत," म्हणालो आणि फोन ठेवला.

दोन्ही फाइली तयार झाल्या. चौदा तासांची फाइल होती तेवढीच राहिली होती. तसूभरही कमी नाही. आणि ताईची बारा मिनिटं? एखाद्या फोटोएवढी झाली होती, बस्स. वाटलं, माझ्याच हातून नावांची अदलाबदल झाली. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी खुर्ची पडद्याकडे वळवली.

चौदा तासांची फाइल उघडली. काळंकुट्ट. उजेड वाढवला, आणखी वाढवला. अंधारात काहीतरी हळूहळू आवळत होतं आणि सैल होत होतं. आवळत होतं... सैल होत होतं. ओल्या, सुरकुतलेल्या, गुलाबी भिंती. त्यांच्यावरून चिकट पाणी ओघळत होतं. बुडबुडे येत होते, फुटत होते. पुढे ढकललं तरी तेच. नऊ वाजता तेच, पहाटे तीनला तेच. पेशंट नव्हता, मॅडम. नळी बंद कपाटात टांगलेली होती, आणि कॅमेऱ्याभोवती कुणाचं तरी पोट रात्रभर चालत होतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

शेवटची दोन मिनिटं लावली. खट्‌कन दार उघडलं, पांढराशुभ्र उजेड. या कपाटाच्या स्टीलच्या भिंती, हूक, हिरवं फडकं. सगळं जागच्या जागी, सुकं. फक्त काचेवरून एक लांब, चिकट तार लोंबत होती. सिस्टरचा आवाज आला, "अगंबाई, रात्रभर टांगून ओली कशी राहिली ही? पुन्हा धुवायला लागेल."

आणि दुसरा आवाज म्हणाला, "घ्या हो सिस्टर, ओली तर ओली. ताई कालपासून उपाशी आहे."

तो आवाज माझा होता. मी, साबणराव. ज्यानं जन्मभर दुसऱ्याचा पेला तोंडाला लावला नाही, त्यानं ती नळी न धुता आपल्या बहिणीच्या तोंडात घालायला लावली.

मग ताईची फाइल उघडली. जीभ, घसा, अन्ननळी, पहिलं मिनिटभर सगळं नेहमीसारखं. मग नळी पोटात उतरली आणि चित्र थांबलं. थांबलं म्हणजे अडकलं नव्हतं, कोपऱ्यातली घड्याळाची वेळ पुढे सरकत होती. फक्त काही हलत नव्हतं. जिवंत माणसाचं पोट, आणि हलत नव्हतं! चारी बाजूंना स्टील होतं. मध्ये हूक, हुकावर हिरवं फडकं. तेव्हाचे डॉक्टर पडद्यापेक्षा फोनमध्ये जास्त बघायचे. त्यांनी लिहून टाकलं, सर्व ठीक.

सव्वाबारा झाले होते. फोन वाजला. डॉक्टरीणबाई. आवाज अगदी खाली आणलेला.

"साबणराव, ताईंना उपाशी ठेवायला सांगितलं होतं ना मी? नळी आत आहे आत्ता. आत भात आहे... अख्खं अंडं आहे..."

मी उठलो. हे बघा, इथून त्या कपाटापर्यंत चार पावलं. फोन कानाला तसाच. कपाटातून आवाज येत होता, भूक लागल्यावर पोटात येतो तसा. मी दार उघडलं.

डबा उघडा, आडवा पडलेला. चाटूनपुसून लख्ख. आतल्या भिंतींवरून चिकट पाणी ओघळत होतं आणि तो आंबट, कोमट वास भपकन तोंडावर आला.

फोनमध्ये बाई म्हणाल्या, "थांबा... हे काय... आत उजेड कसा पडला?"

मी उघड्या दाराकडे बघितलं.

"नळीचा दिवा बंद करून बघितला मी. तरी आत उजेड आहे, साबणराव..."

मी दार हळूच लोटलं.

"गेला," बाई म्हणाल्या. आणि त्यांच्या मागे ताई कण्हली, दार लागलं त्याच क्षणी. दोन वर्षं रोज एक वाजता डबा काढून मी ते दार गुडघ्यानं आपटत होतो, मॅडम.

बाईंनी नळी काढली, मशिनमध्ये बिघाड असं लिहिलं, आणि पुन्हा त्या दिवसाचं नाव काढलं नाही. गाठ नव्हती. ताईला काय झालं होतं ते फक्त मला ठाऊक होतं, ती उपाशी राहत होती. कपाटात मी काही ठेवलं तरच तिचं पोट भरत होतं. मग मी रोज दोन डबे आणायला लागलो. दाराच्या कडेला फडकी चिकटवली, आवाज नको म्हणून. ताईचं वजन चढलं, गालावर तजेला आला. घरी दोन घास खायची आणि म्हणायची, "कशानं बरी झाले कोण जाणे!"

पण तिच्या हातचं माझ्यानं खाववेना. तिनं वाढलं की तो वास आठवायचा. मी पोट बिघडल्याचं सांगायचो, ताट सरकवायचो. तिला कळलं होतं. एकदा नुसतं म्हणाली, "माझी किळस येते का रे तुला?" मी नाही म्हणालो. पण उत्तर द्यायला मला वेळ लागला, आणि तेवढा वेळ तिनं माझ्याकडे बघितलं. ज्या हातांनी मला भरवलं त्या हातांची मला शिसारी यावी! ते सोबत घेऊनच मी मरणार.

ताई जाऊन आज दोन महिने झाले. झोपेत गेली, काही त्रास झाला नाही. दुसऱ्याच दिवशी येऊन मी हे कपाट घासून धुतलं. कोरडं ठणठणीत झालं. वास गेला, भिंती सुकल्या. म्हटलं, सुटली बिचारी, आता खुशाल जाऊ दे भंगारात. तुमच्या अर्जावर मी काल सही करणार होतो.

पण काल सवयीनं हात चुकला. डबा आत ठेवला गेला, भात आणि दोन अंडी. एक वाजता काढला. हा बघा तो. हात लावू नका, ओला आहे अजून. एक शीतसुद्धा उरलेलं नाही.

मी घाबरून दार आपटलं. फडकी धुवायला काढली होती, मोठा आवाज झाला. आणि बाहेर बाकावर जी माणसं नंबर लावून बसली होती, त्यांच्यातलं कुणीतरी "आई गं" म्हणालं. मी बघायला गेलो नाही.