कोरडी घळ

नदीत कचरा कोण टाकतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि त्याला गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर उभं करायचं, म्हणून जिपार घोड्यावर बसली. तिचं लाडकं शिंगरू नदीकाठी प्लास्टिक गिळून मेलं होतं. संशय होता वरच्या गावावर. सोबत चुलता, एसेनगुल. त्याला सगळे मानानं अके म्हणत. दोघं परतले की वरच्या गावावर चालून जायला इकडे गडीमाणसं खोगीर चढवून तयारच होती.

"आपण नदीत कधी थुंकलोसुद्धा नाही," अके करवादला. "आणि हे वरचे? लाजलज्जा सोडलेले!"

"एकदा सापडू तर देत," जिपार म्हणाली.

त्यांचा अभिमान खोटा नव्हता. आम्हा किरगिझ लोकांत वाहत्या पाण्याला आईचा मान. घरचा केर कुणी पाण्याजवळ नेत नाही. लांबच्या कोरड्या घळीत नेऊन टाकतो.

नदीकाठानं वर जाताना त्या घळीचं तोंड मागे पडलं. दरी अरुंद झाली, वाट पाण्यातूनच जाऊ लागली. वितळलेल्या बर्फाचं पाणी घोड्यांच्या पोटाला भिडलं. जिपारचा घोडा घसरला! ती पाण्यात पडली.

"शेपूट धर, पोरी! सोडू नकोस!"

तिनं शेपूट घट्ट धरलं. घोड्यानं तिला खेचत काठावर काढलं.

"नदीला आंघोळ घालायला आली होतीस का?" अके हसला.

वरच्या गावाच्या पुलापर्यंत दोघं गेले. काठच्या झुडपांवर एकही पिशवी नव्हती. पाणी नितळ! एवढ्यात कड्यांवर ढग गडगडले, पाऊस कोसळला आणि दोघांनी घोडे माघारी वळवले.

घळीच्या तोंडाशी पोचतात तोच आतून गडगडाट आला.

"वर चढ!"

घोडे खडकावर चढले आणि खालून चिखलाचा लोंढा सुटला. पिशव्या, बाटल्या, फुटके डबे, पोरांचे लंगोट! त्यात पिठाचं एक पोतं होतं, निळं ठिगळ लावलेलं. ते ठिगळ जिपारनं स्वतः शिवलं होतं. बघता बघता सगळं नदीत गेलं. आपलं शिंगरू आपणच मारलं, हे तिला कळलं आणि तिला रडू कोसळलं.

अके पुटपुटला, "गावात सांगू, कुणी सापडलं नाही."

"आणि उद्या वरच्या गावातली डोकी फुटली तर? अके, मान खाली घालून जगणं मला जमणार नाही."

गावात सगळे चाबूक घेऊन उभे होते.

"सापडला का चोर?"

"सापडला," जिपार म्हणाली. "मी. आणि तुम्ही सगळे. पाऊस झाला की आपली घळ नदीत रिकामी होते!"

म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मग अकेनं आपला ओला घोडा घळीकडे वळवला.

"बघत काय बसलात? पोती आणा, घळ साफ करू! माझ्या पुतणीत आहे तेवढी हिंमत तुमच्यात नाही का?"

लढाईला निघालेलं अख्खं गाव घळीकडे निघालं, आणि सगळ्यांत पुढे जिपार होती.