पूर्वेकडचं टोक

एक बांबू, सहा मीटरचा. दहा-दहा मीटरच्या दोन तारा. नायलॉनच्या दोन दोऱ्या. एक केबल, मोजणीचा एक मीटर, एक वही.

आणि खुंट्या दोन. आधी नेहमी एकच लागायची.

ही यादी हर्षाच्या वहीत आहे. पुढे जे घडलं तेही तिने तिथेच वेळेसह लिहिलंय, त्यामुळे कोणाला खोटं वाटलं तरी तिची हरकत नाही. जागा नरखेडजवळची त्यांची संत्र्याची बाग. जानेवारी २०२४ मधला तिसरा रविवार, दुपारचे चार वाजून दोन मिनिटं. रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

हर्षा नागपुरात फिजिक्स शिकली. हॅम रेडिओचा परवाना काढून ती हौसेने वायरलेसवर दूरदूरच्या लोकांशी बोलते. सुट्टीत बागेत यायचं, बांबू उभा करायचा, त्याच्या टोकावरून दोन्ही तारा तंबूसारख्या खाली उतरवायच्या. झाला अँटेना. पश्चिमेचं टोक दोरीने खुंटीला. पूर्वेचं टोक मात्र तिचे बाबा, रुपराव, हातात धरून उभे राहायचे.

"बाबा, खुंटी हाय ना."

"खुंटी बोलते का तुह्यासंगं? मी धरून राहिलो ना वं."

आई धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, हसायची. "धरा, धरा. पेपरात फोटो येते तुमचा."

अँटेना नीट जुळला की मीटरवरचा आकडा एकच्या जवळ येतो; तारेच्या टोकाला हात लागला की तो बिघडतो, वाढतो. कोणी धरलं नसेल तर १.१. बाबांनी धरलं की २.४.

ऑगस्टमध्ये हर्षा वैतागली होती.

"हात काढा ना, बाबा. तुमच्यामुळेच बिघडून राहिलं सगळं."

बाबांनी निमूट हात काढला.

त्यानंतरच्या मंगळवारी ते झोपेतच गेले.

जानेवारीतल्या त्या रविवारी तिने पहिल्यांदाच दुसरी खुंटी ठोकली. दोरी ताणून बांधली. मीटर लावला.

२.४.

जोड तपासले. केबल काढून पुन्हा लावली.

२.४...

शेजारच्या विहिरीवरची मोटर बंद पडली. बाग एकदम गप्प झाली. संत्र्याचं पानही हलत नव्हतं.

तिने पूर्वेकडे पाहिलं.

खुंटीची दोरी सैल पडली होती. मातीला टेकली होती.

तार मात्र... ताठ होती.

दोरी सैल असताना तार ताठ राहत नाही. टोक कोणी धरून ओढल्याशिवाय नाही.

आई धुऱ्यावर होती, चहाचा थर्मास घेऊन. टोकापासून निदान चाळीस पावलं लांब.

"काहून थांबली वं?"

"आई... तिकडे कोणी दिसून राहिलं का तुले?"

आईने बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"उन्हात उभं केलं वं तू त्यायले," ती हळूच म्हणाली.

धावत जावं, तर टोकाशी काहीच नसेल, याची हर्षाला जास्त भीती वाटली. पाच महिने एकच वाक्य तिला परत घ्यायचं होतं.

"असू द्या, बाबा," ती म्हणाली. "हात नका काढू. बिघडू द्या."

काही क्षण काहीच झालं नाही.

मग मातीवरची दोरी... सावकाश उचलली गेली. ताणली गेली.

वहीत त्या दिवसाची शेवटची नोंद आहे. चार वाजून एकोणीस मिनिटं. १.१.