रांगेतली टोपी

"ओ जी! रांग दिसत नाही का तुमाले?"

नळ सोडून ओंजळ धरलेला अरुणकुमार दचकला. वळून पाहतो तर कमरेवर हात ठेवून उभी होती सरपंच देवीदासांची लेक वच्छला! तिच्यामागे नुसत्या घागरी, माणूस एकही नाही.

"रांग? कुठे आहे?"

"ह्या घागरी काय आहेत मंग? कारखान्याचा भोंगा वाजला का बाया येतात, नंबरानं भरतात. तवर कोणी नळाले हात लावत नाही."

"पण माझ्याजवळ घागर नाही —"

"टोपी तं आहे!"

बिचाऱ्यानं मुकाट्यानं टोपी शेवटच्या घागरीमागे ठेवली. वच्छला खुदकन हसली, आणि साहेबांची तहान कुठल्या कुठे पळाली.

अरुणकुमार दुर्गच्या सरकारी कचेरीतला साहेब. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, आसपासची गावं फुगत होती. कोणत्या ग्रामपंचायतीत नवं काही करायची धमक आहे, हे पाहून गुण द्यायचे, हे त्याचं काम.

"भोंग्याची युक्ती कोणाची?"

"माझी! पह्यले इथं रोज झिंज्या उपटत होत्या बाया."

काम एका भेटीचं, पण स्वारी पुन्हा पुन्हा येऊ लागली.

"टोपी विसरलो होतो…"

"दरवेळी कशी विसरता जी?"

"नंबर जाऊ नये म्हणून —"

वच्छलाचे कान लाल झाले. त्या दिवसापासून भोंगा वाजला की तिचा जीव त्याच्या सायकलच्या घंटीकडे लागे.

आणि एके दिवशी दोन बातम्या एकदमच आल्या. तपासणी संपली, आज शेवटची बैठक. आणि रविवारी गोंदियाचे पाहुणे वच्छलाला पाहायला येणार!

बैठकीत अरुणकुमारनं विचारलं, "शेवटचा प्रश्न. कोणी अगदी नवी गोष्ट मांडली, तर तुम्ही ऐकता?"

"ऐकतो म्हंजे! लहान असो का मोठा," देवीदासांनी मिशीला पीळ दिला.

दारात उभी असलेली वच्छला पुढे सरसावली. आता नाही तर कधीच नाही!

"मंग बाबा, माझं ऐका. गोंदियावाल्यायले नाही म्हणा. मले… हे साहेब पसंत आहेत."

पंच कुजबुजू लागले. पोरीनं आपल्या लग्नाचं आपणच बोलायचं? देवीदास कडाडले, "साहेब! हेच तपासून राहिले होते का तुम्ही?"

"गुण कालच कचेरीत दिले, काका," अरुणकुमार उठून उभा राहिला. "आजचा प्रश्न… माझा स्वतःचा होता."

देवीदासांनी लेकीकडे पाहिलं. तिनं डोळे खाली घातले नाहीत. 'ऐकतो' असा शब्द तर ते चारचौघांत देऊन बसले होते! इतक्यात भोंगा वाजला.

"जा, उचला ते नळावरची टोपी," मिशीतलं हसू लपवत ते म्हणाले. "लागला तुमचा नंबर!"